परतीची वाट : कॅनडातील नर्सिंग होममधून पुन्हा घरी

महाराष्ट्रात ‘नर्सिंग होम’ म्हटले की डोळ्यांसमोर येते ते एखाद्या डॉक्टर दांपत्याने चालवलेले छोटे रुग्णालय. बाळंतपण असो की अपेंडिक्सची शस्त्रक्रिया, तेथे चार दिवसांचा मुक्काम आणि मग घर. कॅनडात हाच शब्द जवळजवळ उलट अर्थाने वापरला जातो. येथील नर्सिंग होम, म्हणजे सरकारी भाषेतील ‘लाँग टर्म केअर होम’, ही दीर्घकालीन शुश्रूषेची निवासी संस्था असते. तेथे माणूस जातो तो बहुधा कायमचा, अशीच सर्वांची धारणा असते. आईवडिलांना तेथे दाखल करणारी मुले, दाखल होणारे वृद्ध आणि बऱ्याचदा तेथील कर्मचारीही हे गृहीत धरूनच चालतात.

प्रस्तुत लेखाचा विषय हे गृहीतकच आहे. नर्सिंग होममध्ये गेलेल्या प्रत्येकाने घरी परतावे असे कोणीही म्हणणार नाही. तथापि, ज्याला परतायचे आहे आणि योग्य मदत मिळाल्यास जो परतू शकतो, त्याला अडवणारी गोष्ट बहुतेक वेळा वैद्यकीय नसते आणि कायद्याचीही नसते. अडवते ती व्यवस्थेची रचना. संस्थेत चोवीस तासांची मदत एकत्र बांधून मिळते. घरी मात्र तीच मदत सुटी सुटी, तासातासाने आणि निरनिराळ्या खिडक्यांवरून गोळा करावी लागते. हा फरक समजून घेतला तर परतीची वाट कोठे अडते आणि ती कशी मोकळी करता येते, हे दोन्ही दिसू लागते.

कायदा काय सांगतो

कॅनडात आरोग्यसेवा हा प्रांतांचा विषय आहे. १९८४च्या कॅनडा हेल्थ ॲक्टने रुग्णालय आणि डॉक्टर यांच्या सेवेची हमी दिली, परंतु नर्सिंग होम आणि घरपोच शुश्रूषा यांना त्या हमीच्या कक्षेत घेतले नाही. त्यामुळे प्रत्येक प्रांताचे नियम, दर आणि प्रतीक्षायाद्या वेगळ्या आहेत. मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेला ऑंटारिओ प्रांत येथे उदाहरणादाखल घेऊ.

ऑंटारिओत नर्सिंग होममधील प्रवेश हा संमतीवर आधारलेला आहे. १९९६च्या हेल्थ केअर कन्सेंट ॲक्टनुसार, उलट सिद्ध होईपर्यंत प्रत्येक व्यक्ती स्वतःचा निर्णय घेण्यास सक्षम मानली जाते. सक्षम रहिवासी आपल्या इच्छेने संस्था सोडू शकतो. मुलांची, डॉक्टरांची किंवा संस्थेची परवानगी त्याला कायद्याने आवश्यक नसते. एखाद्याला प्रवेशाच्या निर्णयापुरते ‘अक्षम’ ठरवण्यात आले असेल, तर त्या निष्कर्षाविरुद्ध त्याला ‘कन्सेंट अँड कपॅसिटी बोर्ड’कडे दाद मागता येते. अशा व्यक्तीच्या वतीने निर्णय घेणाऱ्या मुलामुलींवरही बंधन आहे. आई किंवा वडील सक्षम असताना त्यांनी व्यक्त केलेली इच्छा त्यांना ठाऊक असेल, तर निर्णय त्या इच्छेनुसारच घ्यावा लागतो. तशी इच्छा ठाऊक नसेल तरच त्यांच्या हिताचा स्वतंत्र विचार करायचा असतो. एप्रिल २०२२पासून लागू झालेल्या ‘फिक्सिंग लाँग टर्म केअर ॲक्ट’मध्ये रहिवाशांच्या हक्कांची सनद आहे. आपल्या शुश्रूषा-आराखड्याच्या आखणीत आणि फेरआखणीत पूर्ण सहभाग घेण्याचा हक्क तीत नमूद आहे.

याचा अर्थ असा की दाराला कायद्याचे कुलूप नाही. असे असूनही त्या दारातून बाहेर पडणारे थोडेच.

मग माणसे आत का राहतात

पहिले कारण प्रवेशाच्या वेळीच घडते. कॅनडातील आरोग्यविषयक माहिती गोळा करणाऱ्या ‘कॅनेडियन इन्स्टिट्यूट फॉर हेल्थ इन्फर्मेशन’ या संस्थेने २०२०मध्ये असे अनुमान मांडले की, नव्याने दाखल होणाऱ्या दर नऊ रहिवाशांपैकी सुमारे एकाची देखभाल घरीही होऊ शकली असती. हे कसे घडते? ऐंशी वर्षांच्या आजी पडतात, खुब्याचे हाड मोडते, शस्त्रक्रिया होते. रुग्णालयातील पडून राहण्याने स्नायूंची शक्ती जाते आणि औषधांमुळे मन गोंधळते. उपचार संपले तरी घरी पाठवण्याइतकी व्यवस्था नसते, म्हणून त्यांच्या नावापुढे ‘ऑल्टर्नेट लेव्हल ऑफ केअर’ असा शेरा पडतो. खाट रिकामी करण्याची घाई सुरू होते. आयुष्यातील सर्वांत वाईट आठवड्यात केलेल्या मूल्यमापनावर पुढील सगळ्या वर्षांचा निर्णय उभा राहतो.

ऑंटारिओत २०२२च्या ‘मोअर बेड्स, बेटर केअर ॲक्ट’ने ही घाई अधिक वाढवली. अशा रुग्णाने संमती दिली नाही तरी त्याच्यासाठी नर्सिंग होमची निवड करता येते. दक्षिण ऑंटारिओत ७० किलोमीटरपर्यंत आणि उत्तर भागात १५० किलोमीटरपर्यंतची संस्था निवडली जाऊ शकते. रुग्णालयातून मुक्त करूनही जो तेथे जाण्यास नकार देतो, त्याला दिवसाला ४०० डॉलर आकारण्याची तरतूद आहे. त्याला बळाने हलवता येत नाही, हे खरे. परंतु दिवसाला ४०० डॉलरचा हिशेब डोक्यावर असताना शांतपणे विचार करणे बहुतेकांना शक्य होत नाही.

दुसरे कारण घर. दाखल झाल्यावर काही महिन्यांत भाड्याची सदनिका सोडली जाते किंवा घर विकले जाते, सामान वाटून टाकले जाते. सहा महिन्यांनी आजी पुन्हा चालू लागल्या, तरी परतायचे कोठे?

तिसरे कारण पैसा. ऑंटारिओत साध्या खोलीसाठी रहिवाशाला दरमहा २,००० डॉलरच्या आसपास वाटा द्यावा लागतो. उत्पन्न कमी असल्यास सवलत मिळते. शुश्रूषेचा खर्च प्रांत उचलतो. निवृत्तिवेतन या वाट्यातच संपते. नवीन सदनिकेची अनामत, पहिल्या महिन्याचे भाडे, पलंग, भांडीकुंडी यांसाठी हाती काहीच उरत नाही.

चौथे कारण सर्वांत मोठे आहे. नर्सिंग होममध्ये रात्री दोन वाजता घंटा वाजवली तर कोणीतरी येते. घरपोच सेवा मात्र आठवड्याच्या तासांत मोजली जाते. सकाळी अंघोळीला मदत करणारी बाई मिळते, पण रात्री शौचालयापर्यंत नेणारे कोणी नसते. संस्थेतील खाटेवर होणारा सरकारी खर्च त्या खाटेलाच बांधलेला असतो. माणूस घरी निघाला तर तो पैसा आपोआप त्याच्या मागे येत नाही.

नोव्हा स्कोशियाने काय बदलले

मदत संस्थेला बांधावी की माणसाला, हा प्रश्न कॅनडात सर्वांत ठळकपणे नोव्हा स्कोशिया प्रांतात न्यायासनापुढे आला, आणि तो वृद्धांनी नव्हे, तर अपंग व्यक्तींनी आणला. बेथ मॅक्लीन, शीला लिव्हिंगस्टोन आणि जोसेफ डिलेनी या तिघांच्या वतीने, तसेच ‘डिसॅबिलिटी राइट्स कोॲलिशन’ या संघटनेच्या वतीने २०१४मध्ये मानवी हक्कांची तक्रार दाखल झाली. बेथ मॅक्लीन यांची अनेक वर्षे हॅलिफॅक्सच्या डार्टमथ भागातील मनोरुग्णालयाच्या एका कक्षात गेली. त्यांना वैद्यकीय कारणाने तेथे ठेवण्याची गरज उरली नव्हती. बाहेर राहण्यासाठी लागणारी मदत मिळत नव्हती, एवढेच.

२०१९मध्ये चौकशी मंडळाने या तिघांवर वैयक्तिक भेदभाव झाल्याचे मान्य केले, परंतु ही संपूर्ण व्यवस्थेची चूक असल्याचे नाकारले. ऑक्टोबर २०२१मध्ये नोव्हा स्कोशियाच्या अपील न्यायालयाने पुढचे पाऊल टाकले. अपंग व्यक्तींना सामाजिक साहाय्य देण्याच्या प्रांताच्या पद्धतीतच व्यवस्थात्मक भेदभाव आहे, असा निष्कर्ष त्याने काढला. इतर गरजूंना साहाय्य हक्क म्हणून आणि वेळेवर मिळते. अपंगांना मात्र वर्षानुवर्षे यादीत थांबावे लागते किंवा गरज नसताना संस्थेत राहावे लागते, हा त्या युक्तिवादाचा गाभा होता. निकालाच्या अवघ्या काही दिवस आधी, सप्टेंबरमध्ये, बेथ मॅक्लीन यांचे निधन झाले होते. शीला लिव्हिंगस्टोन तर त्याच्याही कितीतरी आधी गेल्या होत्या.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये प्रांताचे अपील ऐकण्यास नकार दिला. जून २०२३मध्ये तडजोडीचा करार झाला आणि त्याला चौकशी मंडळाच्या आदेशाचे स्वरूप मिळाले. मोठ्या निवासी संस्था पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करणे, व्यक्तीगणिक निधी देणे, आणि प्रत्येकाच्या सोबत राहून घर, मदतनीस व समाजातील संबंध जुळवून देणारे स्थानिक समन्वयक नेमणे, ही त्या योजनेची मुख्य अंगे आहेत. प्रगतीवर देखरेख ठेवणारी स्वतंत्र यंत्रणाही आहे. परिणाम मोजला जातो आणि मुदत चुकली तर जाब विचारता येतो, हे या आदेशाचे वेगळेपण.

त्याच प्रांतात नर्सिंग होममधून बाहेर पडलेल्यांपैकी विकी लेवॅक यांचे नाव सार्वजनिक चर्चेत वारंवार येते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या लेवॅक विशीच्या सुरुवातीला हॅलिफॅक्समधील नर्सिंग होममध्ये दाखल झाल्या, कारण दुसरी सोय नव्हती. आपल्यापेक्षा दोन पिढ्या मोठ्या रहिवाशांमध्ये त्यांनी सुमारे दहा वर्षे काढली आणि त्या काळात या प्रश्नावर जाहीरपणे बोलत राहिल्या. त्यानंतर त्या स्वतःच्या सदनिकेत राहू लागल्या. त्यांचे अपंगत्व तेच होते. बदलली ती मदत मिळण्याची जागा.

क्वेबेकमध्ये स्नायूंचा ऱ्हास करणाऱ्या आजाराने ग्रस्त आणि श्वसनयंत्रावर अवलंबून असलेल्या जोनाथन मार्शां यांनी ऑगस्ट २०२०मध्ये प्रांतिक विधिमंडळासमोर एका पिंजऱ्यात बसून अनेक दिवस निदर्शने केली. मागणी एकच होती : संस्थेवर होणारा खर्च माझ्या घरातील मदतनिसांसाठी द्या. पुढे तेही संस्थेबाहेर राहू लागले. ज्या वर्षी कॅनडाच्या पहिल्या कोविड लाटेतील दर पाच मृत्यूंपैकी सुमारे चार दीर्घकालीन शुश्रूषेच्या संस्थांतील रहिवाशांचे होते, त्या वर्षी ही मागणी कोणालाही अतिरेकी वाटली नाही.

एका अर्जातील एक प्रश्न

शेजारच्या अमेरिकेत हीच वाट थोडी आधी आखली गेली. जून १९९९मध्ये ऑल्मस्टेड खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने, अपंग व्यक्तीला विनाकारण संस्थेत ठेवणे हा भेदभाव आहे, असा निर्णय दिला. त्यानंतर २००५च्या कायद्याने ‘मनी फॉलोज द पर्सन’ ही योजना आली. नावातच तिचा आशय आहे : पैसा माणसाच्या मागे जावा. संक्रमणाचा समन्वयक, घर मांडण्याचा प्रारंभिक खर्च आणि पहिल्या वर्षातील वाढीव सेवा यांच्या बळावर या योजनेतून एक लाखाहून अधिक व्यक्ती समाजात परतल्या.

कॅनडात अशी देशव्यापी योजना नाही. मात्र ऑंटारिओसह अनेक प्रांतांत रहिवाशांच्या मूल्यमापनासाठी वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या ‘एमडीएस २.०’ या अर्जात एक लक्षणीय प्रश्न आहे : रहिवासी समाजात परत जाण्याची इच्छा व्यक्त करतो का? त्याच्या जोडीला दुसरा : त्याच्या परतण्याला अनुकूल असलेली, साथ देणारी व्यक्ती आहे का? अमेरिकेत २०१०पासून या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ आले आणि रहिवाशाची तशी इच्छा असली, तर स्थानिक संपर्कसंस्थेला कळवणे संस्थेवर बंधनकारक झाले. कॅनडात तशी देशव्यापी सक्ती नाही. येथे ‘होय’ची खूण कागदावर राहू शकते, आणि तिचा पाठपुरावा करण्याचे काम बहुतांशी कुटुंबाकडे येते.

परतीची तयारी

पाठपुरावा करायचा म्हणजे नेमके काय करायचे? ऑंटारिओतील नियम समोर ठेवून क्रम असा लावता येईल.

पहिली पायरी विचारण्याची. प्रवेशानंतर सहा आठवड्यांच्या आत आणि त्यानंतर किमान वर्षातून एकदा ‘केअर कॉन्फरन्स’ घ्यावी लागते. रहिवासी व कुटुंब यांच्यासह शुश्रूषा करणारा चमू तेथे एकत्र बसतो. घरी परतण्याची इच्छा तेथे स्पष्ट शब्दांत मांडावी आणि ती शुश्रूषा-आराखड्यात लिहून घ्यावी. आई इंग्रजीत मोकळेपणाने बोलू शकत नसेल, तर दुभाष्याची मागणी करावी. परक्या भाषेत गप्प राहणे आणि स्मृती ढासळणे यांतील फरक, मराठी न कळणाऱ्या माणसाच्या लक्षात येतोच असे नाही.

दुसरी पायरी पुन्हा मोजमाप करण्याची. रुग्णालयातील घाईत केलेल्या मूल्यमापनानंतर प्रकृती सुधारली आहे का, हे फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांच्याकडून तपासून घ्यावे. पलंगावरून उठणे, शौचालय, जेवण, औषधे आणि रात्र या पाच गोष्टींत किती मदत लागते, याची तासवार नोंद एक आठवडा ठेवली तर पुढील सर्व चर्चा त्या नोंदीवर करता येते.

तिसरी पायरी चाचणीची, आणि तिचा उपयोग फार थोडे लोक करतात. खाट न गमावता रहिवाशाला आठवड्यात ४८ तासांपर्यंत, तसेच वर्षात २१ दिवसांपर्यंत बाहेर राहण्याची मुभा आहे. या काळात संस्थेचे शुल्क चालू राहते. आधी एक शनिवार-रविवार, मग एक संपूर्ण आठवडा घरी काढून पाहावा. कोणत्या वेळी कोणाची गरज पडली, हे त्यातून कळते. ही चाचणी महत्त्वाची आहे, कारण एकदा संस्था सोडली की परत येण्यासाठी नव्याने अर्ज करावा लागतो, आणि ऑंटारिओच्या प्रतीक्षायादीत चाळीस हजारांहून अधिक माणसे आहेत.

चौथी पायरी मदत जुळवण्याची. २०२४पासून ‘ऑंटारिओ हेल्थ ॲट होम’ ही संस्था घरपोच सेवा आणि नर्सिंग होममधील प्रवेश ही दोन्ही कामे पाहते. म्हणून परतीची तारीख ठरवण्याआधी तेथील समन्वयकाकडून आठवड्याला किती तास मिळतील, हे लेखी घ्यावे. कुटुंबानेच मदतनीस नेमावा आणि निधी सरकारने द्यावा, अशा योजनाही आहेत. ऑंटारिओत शारीरिक अपंगत्व असलेल्यांसाठी टोरोंटोतील सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंगमार्फत ‘डायरेक्ट फंडिंग’ आहे, ब्रिटिश कोलंबियात ‘सीएसआयएल’ आहे, अल्बर्टा आणि मॅनिटोबातही स्व-व्यवस्थापित सेवेची सोय आहे. अशा निधीतून मराठी बोलणारी, वरणभात करून वाढणारी मदतनीस स्वतः निवडता येते. मात्र पगार, कर आणि रजा यांचा हिशेब ठेवण्याची जबाबदारीही मग आपलीच.

पाचवी पायरी घराची. न्हाणीघरातील आधारदांडे, जिन्याची सोय, चाकाच्या खुर्चीला पुरेल असे दार या बदलांना खर्च येतो. ऑंटारिओचा ‘असिस्टिव्ह डिव्हायसेस प्रोग्राम’ चाकाची खुर्ची, वॉकर यांसारख्या मान्य साधनांच्या किमतीचा साधारण ७५ टक्के भार उचलतो. घर सुलभ करण्यासाठी केंद्रीय करसवलतीत वर्षाला २०,००० डॉलरपर्यंतचा खर्च धरता येतो. आईवडिलांसाठी घरातच स्वतंत्र राहण्याजोगा भाग बांधला, तर ५०,००० डॉलरपर्यंतच्या खर्चावर २०२३पासून वेगळी सवलतही आहे. नोकरी करणाऱ्या मुलामुलींसाठी एम्प्लॉयमेंट इन्शुरन्समधून, प्रौढ नातेवाईक गंभीर आजारी असल्यास १५ आठवड्यांपर्यंतचा लाभ मिळू शकतो. परतीनंतरचे पहिले आठवडे त्यात बसतात का, हे आधीच विचारून ठेवावे.

मराठी घरांपुढील विशेष प्रश्न

येथे एक खुलासा आवश्यक आहे. वरीलपैकी प्रांताच्या शुश्रूषा-सेवा प्रांताच्या आरोग्यविम्याशी जोडलेल्या आहेत. सुपर व्हिसावर आलेल्या आईवडिलांना तो विमा मिळत नाही. त्यांच्यासाठी किमान १,००,००० डॉलरचा खासगी वैद्यकीय विमा घ्यावा लागतो. प्रायोजकत्वाने स्थायिक झालेल्या आईवडिलांची आर्थिक जबाबदारी, क्वेबेक वगळता, प्रायोजकावर २० वर्षे राहते, आणि ओल्ड एज सिक्युरिटीसाठी सर्वसाधारणपणे कॅनडात १० वर्षांचे वास्तव्य लागते. घर की संस्था, हा विचार करताना कुटुंबाने ही गणिते आधी मांडावीत.

दुसरा प्रश्न मनाचा आहे. आपल्याकडे वृद्धाश्रम या शब्दाला अजूनही लोकनिंदेची छटा आहे. त्या ओझ्याखाली कित्येकदा दोन टोकाचे निर्णय होतात. एक, ‘लोक काय म्हणतील’ म्हणून आईला घाईने घरी आणले जाते आणि सारा भार सुनेवर किंवा मुलीवर पडतो. दुसरा, एकदा मन घट्ट करून दाखल केल्यावर तो विषय पुन्हा काढायचाच नाही असे ठरते, कारण काढला की जखम उघडी पडते. दोन्ही निर्णयांत आईचे मत विचारायचे राहून जाते.

म्हणून हेही स्पष्ट म्हटले पाहिजे की काही माणसांसाठी नर्सिंग होम हीच योग्य जागा असते. स्मृतिभ्रंश वाढून रात्री-अपरात्री घराबाहेर पडणारे वडील, दोघांनी मिळून उचलावी लागणारी आई, किंवा स्वतःच थकलेला जोडीदार, अशा स्थितीत घरी आणण्याचा आग्रह क्रूर ठरू शकतो. रात्री कोण असेल आणि तो माणूस आजारी पडला तर त्याच्या जागी कोण येईल, या दोन प्रश्नांची उत्तरे नावानिशी देता येत नसतील, तर परतीची तारीख ठरवू नये.

संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारावर कॅनडाने मार्च २०१०मध्ये शिक्कामोर्तब केले. त्याच्या १९व्या कलमात कोठे आणि कोणासोबत राहावे हे ठरवण्याचा हक्क मान्य केला आहे. नोव्हा स्कोशियातील माणसांना तो प्रत्यक्षात आणण्यासाठी नऊ वर्षे भांडावे लागले. आपल्या घरातील प्रश्न त्यामानाने लहान आहे. पुढच्या केअर कॉन्फरन्सआधी आईच्या खोलीत बसून, तिच्याच भाषेत, तिला कोठे राहायचे आहे हे विचारावे. उत्तर ‘इथेच बरी आहे’ असे आले तर तेही तिचेच मत म्हणून लिहून घ्यावे. ‘घरी’ असे आले, तर ते त्या अर्जातील खुणेपुरते राहू नये.